खोदता खोदता बांधलेली विहीर

आयुष्यभर काय काम केलं असं कुणी विचारलं, तर मी सांगते, भिंतींना पाणी पाजलं. माणसं हसतात. हसू द्या. चुन्यात बांधलेली नवी भिंत घाईनं सुकली की आतून भुसभुशीत राहते. तिला ओली ठेवत ठेवत घट्ट होऊ द्यावं लागतं, आणि आमच्या टोळीत ते काम माझं होतं. मी रेजा होते. आमच्या यवतमाळकडे बांधकामावरच्या मजूर बाईला रेजा म्हणतात. डोक्यावर घमेलं, पदर कमरेला खोचलेला, आणि दिवसभर वर-खाली. पुढं मुकादम झाले, माझ्या हाताखाली तीस-तीस माणसं राबली, पण पाण्याचं काम मी शेवटपर्यंत दुसऱ्याच्या हाती दिलं नाही. का दिलं नाही, तेच सांगायला बसले आहे.

शाळा माझ्या वाट्याला आली नाही. अक्षरं शिकले ती धाकट्या लेकीच्या पाटीवर, तिच्याबरोबर. म्हणून माझं लिहिणंही बोलल्यासारखंच होतं. या अंकाच्या संपादकांनी विचारलं, भाषा थोडी सुधारून घेऊ का? मी म्हटलं, राहू द्या. भिंत ओळंब्यात असली की झालं, एखादी वीट पुढं-मागं चालते.

बाहेरच्या माणसाला वाटतं की बांधकाम म्हणजे एकामागून एक. आधी पाया, मग भिंत, मग छत, मग गिलावा. तसं केलं तर कुठलंच काम वेळेत होणार नाही. घरची बाई वरणाला उकळी येईपर्यंत हात बांधून बसते का? तेवढ्यात ती कणीक मळते, भाजी चिरते, लेकराची वेणी घालते. बांधकामातही तेच. एका कामाच्या पोटात दुसरं काम घालायचं. कोणतं काम कोणाच्या पोटात मावतं आणि कोणतं मावत नाही, एवढं ज्याला कळलं तो खरा मिस्त्री.

साठ सालानंतर यवतमाळात एका वकिलाच्या घराचं काम चाललं होतं. लेकीचं लग्न तोंडावर आलेलं आणि घर अर्धवट. त्या घरात पुढच्या खोलीत पंगत बसलेली आणि मागच्या खोलीत फरशी बसत असलेली मी माझ्या डोळ्यांनी पाहिली. वाढपी वरणाचं भांडं घेऊन धावतोय, आमचा गवंडी चुन्याचं घमेलं घेऊन निघालाय, आणि दारात दोघांची टक्कर. वकीलसाहेब हात जोडून म्हणाले, "गिरजाबाई, वरण इकडं आणि चुना तिकडं, एवढं मात्र सांभाळा." सांभाळलं. लग्नही झालं, फरशीही बसली.

पण हे हसून सांगण्यातलं. दुसरं एक काम आहे, ते हसून सांगता येत नाही.

छप्पन सालच्या दसऱ्याला आमच्याकडची माणसं नागपूरला जाऊन दीक्षा घेऊन आली. आम्हीही गेलो होतो. त्यानंतरचा तो पहिला उन्हाळा. राळेगावच्या अलीकडे नाल्याकाठी एक गाव आहे. नाव लिहीत नाही. तिथली नातवंडं आता एकमेकांच्या लग्नाकार्यांत जातात-येतात, जुनं उकरून कुणाचा फायदा नाही. गावाच्या खालच्या अंगाला आमच्या लोकांची वस्ती, वीस-बावीस चुली. त्यांना गावच्या विहिरीवर चढून पाणी काढता येत नव्हतं. खाली घागर घेऊन उभं राहायचं. वरची बाई पाणी काढायला आली आणि तिच्या मनात आलं तर ती वरून ओतेल. नाही आलं तर उभंच.

दीक्षेहून परतल्यावर त्या वस्तीतल्या बायकांनी ठरवलं, आता तिथं उभं राहायचं नाही. हे ठरवण्यात पुढं होती तानीआजी. वाळक्या काटकीसारखी म्हातारी, पण आवाज असा की नाल्यापलीकडची गुरं माना वर करायची. हिवाळाभर बायकांनी झिऱ्यावर भागवलं. झिरा म्हणजे नाल्याच्या वाळूत उकरलेला खड्डा, त्यात झिरपेल तेवढं पाणी वाटीवाटीनं भरून घ्यायचं. पण वैशाख लागला की झिरा आटतो. दर वर्षी आटतो. तोवर स्वतःची विहीर झाली तर ठीक, नाही तर पुन्हा तीच घागर आणि तेच उभं राहणं. तानीआजीनं बांधाकडचा आपला तुकडा विहिरीला दिला, आणि होळी झाल्यावर आमच्या टोळीला कळंबाहून बोलावणं आलं.

आमची टोळी ती केवढी! उकंडा मिस्त्री, माझे मालक शामराव, आणि मी, विशी ओलांडलेली. बाकी हात वस्तीचे. शेजारच्या तांड्यावरचा थावरा खोदकामाला यायचा. त्याचे आजे-पणजे बैलांवर मीठ-धान्य लादून मुलूखभर फिरलेले. थावरा मात्र जमिनीत शिरला की बाहेर निघायचं नाव घेत नसे.

मिस्त्रींनी जागा पाहिली, मातीचं ढेकूळ हातात चुरलं आणि वस्तीच्या माणसांना म्हणाले, "आधी खोदू, मंग बांधू, असं म्हन्लं तं जेठ उजाडन. आन् या मातीत नुसतं खोदलं तं अर्ध्यावरच ढासळन. खोदता खोदता बांधाचं."

एक जण म्हणाला, "वरतून बांधाचं आन् खालतून खोदाचं? इहीर हाय का पाळणा?"

"पाळणाच समज," मिस्त्री म्हणाले, "फक्त हलू द्याचा नाही."

ती रीत सांगते. बाभळीच्या लाकडाचं एक गोल कडं करायचं, सात हात रुंद. ते जमिनीवर मांडून त्यावर विटांची गोल भिंत चढवायची. मग भिंतीच्या आत उतरून कड्याखालची माती सगळीकडून सारखी काढत जायची. माती निघेल तशी अख्खी भिंत आपल्या वजनानं खाली बसते. वर जागा झाली की वर आणखी भिंत बांधायची. खाली खोदणारा आणि वर बांधणारा, दोघांचं काम एकाच वेळी, एकाच विहिरीत.

यात एकच गोष्ट कुणाच्या पोटात घालता येत नाही, ती म्हणजे चुन्याचे दिवस. भिंत भुईखाली गेली की ओली माती तिला चारी बाजूंनी दाबते. त्याआधी चुना घट्ट झालेला हवा. मिस्त्रींचा नियम होता, बारा दिवस. म्हणून आम्ही दर चार दिवसांनी दोन हात उंचीचा एक पट्टा बांधत गेलो. त्यामुळे भुईवर सदा तीन पट्टे असायचे. सगळ्यांत खालचा थोरला, त्यावर मधला, वर धाकटा. थोरल्याचे बारा दिवस भरले की तो खाली जायचा, मधला थोरला व्हायचा, वर नवा धाकटा यायचा.

मला तेव्हा लिहिता येत नव्हतं, आणि मिस्त्रींच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. दिवस लक्षात ठेवायचे कसे? मी रोज पहाटे भिंतीला पाणी घालायची आणि प्रत्येक पट्ट्यावर गेरूचा एक ठिपका द्यायची. पाणी घातलं, ठिपका दिला. माझ्या हातून ती एकच क्रिया होती. खाली उतरण्याआधी थावरा ठिपके मोजायचा. बारा नसले तर पहारीला हात लावायचा नाही.

असे पाच पट्टे खाली गेले. कडं दहा हातांवर पोचलं, तळाला ओल आली, थावरा वर येताना मुठीत ओली वाळू घेऊन आला आणि तानीआजीच्या हातावर ठेवून म्हणाला, "याडी, हे पाह्य, तुहं पानी आलं." त्याच्या बोलीत याडी म्हणजे आई. म्हातारीनं ती वाळू पदराला बांधून ठेवली.

तेव्हा चुना संपला. भट्टी कळंबाच्या बाजूला, नवा चुना तीन दिवसांनी उतरणार होता, आणि चांगला-वाईट ओळखायला मलाच जावं लागणार होतं. ऊन असं की भिंतीला एकदा पाणी घालून भागेना. मी निघताना बायकांना गोळा करून म्हटलं, "पट्ट्याले पानी घातलं का ठिपका द्या. विसरू नोका."

एवढंच बोलले. एक शब्द कमी बोलले.

त्या दिवशी पहाटे थोरल्यावर नऊ ठिपके होते, मधल्यावर पाच, धाकट्यावर एक.

तिसऱ्या दिवशी दुपारी चुन्याची गाडी घेऊन परतले. गावाआधी एक उंचवटा लागतो. तिथून विहिरीची भिंत दिसायची. मी मनात धरून होते, थोरला आज जायला हवा, म्हणजे मधला आणि धाकटा पूर्ण दिसतील, माणसाएवढी भिंत. गाडी उंचवट्यावर आली आणि भिंत दिसली ती जेमतेम छातीएवढी. मी पुन्हा पाहिलं. डोळ्यांवर हात धरून पाहिलं. गाडीवानाला म्हटलं, थांब. आणि तो थांबायच्या आत उडी मारून पळत सुटले.

मिस्त्री विटांच्या ढिगावर बसले होते. पावलं ओळखून म्हणाले, "आलीस व पोरी? चुना कसा हाय?"

"मिस्त्री, मधला कोठी गेला?"

"जाऊन राह्यला खालतं. बारा झाले ना त्याचे. म्या विचारलं, सगळ्याइनं सांगतलं बारा."

मी गुडघ्यावर बसले. मधला पट्टा अर्धा भुईत शिरला होता आणि त्यावर ठिपके होते खरेच बारा. पाच माझे, काडीनं दिलेले, बारीक. सात मोठे, अंगठ्यानं दाबलेले. प्रत्येक अंगठा वेगळा.

तानीआजी मागं येऊन उभी होती. केवढ्या कौतुकानं म्हणाली, "सात घरच्या सात घागरी. झिऱ्यातलं प्याचं पानी देल्लं वो, कोनी पाळी चुकवली नाही. ज्यानं घागर देल्ली त्यानं ठिपका देल्ला. तू सांगतलं तसंच."

मी सांगितलं तसंच. पाणी घातलं की ठिपका. दिवसाला एक, हे मी म्हटलंच नव्हतं. मला ते म्हणायची गरजच कधी वाटली नव्हती. त्या पट्ट्याचे खरे दिवस होते आठ.

विटांच्या सांध्यात नख टेकवलं. रुतलं.

वर ओळंब्याची वजन बांधलेली दोरी लटकत होती, ती भिंतीपासून चार बोटं दूर. म्हणजे कडं एका बाजूला अडकून विहीर कलली होती. असं झालं की जिथं अडकलं तिथला दगड काढतात, आणि भिंत हातभर धपकन खाली येते. पक्की भिंत तो दणका सहज सोसते. आठ दिवसांची सोसेल का? आणि तिच्याखाली आत्ता, या घटकेला, दोन माणसं होती.

मी विटांवर चढून भिंतीवरून वाकले. खाली अंधारं. घोट्याएवढं पाणी चमकत होतं.

"अवो."

"आली का?" माझे मालक खालून म्हणाले. "भाकरी आनली का नुसताच चुना?"

"तुमी काय करून राह्यले?"

"दगड काहाडतो. कडं त्याच्यावरच आडून बसलं."

थावराचा आवाज आला, "निघालाच समज बाई. पहार लावली हाय, एक झटका देतो का झालं."

ओरडावंसं वाटलं. पण ओरडले असते तर थावरा दचकला असता, आणि पहार तर त्याच्या हातात. मी घरात बोलते तसं बोलले. "थावराभाऊ, दगड राहू द्या. पहार तशीच सोडा, हात काहाडा. आन् दोघंबी वरतं या. भितीले कोनाचं आंग लागू नये."

पहारीवरून हात निघाल्याचा आवाज मला ऐकू आला.

वर यायला दोराला बांधलेली फळी होती, एका वेळी एक माणूस. बाहेर सहा जण दोराला लागले. आणि खाली या दोघांचं सुरू झालं.

"तू आधी जा, पावना हायस," माझे मालक म्हणाले.

"पावना कायचा? मी इथलाच हावो. तू लेकुरवाळा, तू जा."

"कोनीबी या, पन या!" मी म्हटलं. तेव्हा मात्र माझा आवाज फुटला.

आधी थावरा आला. मग फळी पुन्हा खाली गेली. माझे मालक निम्म्यावर आले असतील, दोर पिळला आणि फळी गोल फिरली. त्यांचा खांदा भिंतीला घासला. सांध्यातला चिमूटभर चुना सुटून खाली पाण्यात पडला. टप्. दोर ओढणारे सहाही जण थांबले. मी म्हटलं, "वोढा, हळू वोढा." ते वर आले, कठड्यावरून बाहेर पाय टाकला, आणि खांद्याला लागलेला चुना बोटानं चोळून पाहिला.

मग मी सगळ्यांसमोर सांगितलं. ठिपके बारा आहेत, दिवस आठ. चूक माझी, मी नीट सांगितलं नाही. आता चार दिवस कुणी आत उतरायचं नाही.

वस्तीतला एक माणूस म्हणाला, "पन काही झालं का? भित उभी हाय, मानसं वरतं आले."

"काही होऊ देल्लं नाही म्हनून नाही झालं."

"असं तं कोनीबी म्हनन."

त्याचं खोटं नव्हतं. मी दाखवणार काय होते? नखाएवढी खूण.

तानीआजी पुढं आली. आता तिच्या आवाजात कौतुक नव्हतं. "झिऱ्यात आज सकाळी तीन घागरी निघाल्या. उद्या एक निघन. परवा मी माह्या सुनाइले कोठी पाठवू?"

"आजी, चारच दिवस..."

"चार दिवस तुह्यासाठी ठिपके हाय व. आमाले तिथं उभं राह्यनं हाय. चूक तुही, आन् उभं राह्याचं आमी."

तिचं खरं होतं. आजही आहे.

कुणीतरी सुचवलं, तळाचं पाणी वरूनच बादलीनं काढू. मिस्त्री म्हणाले, ते चुन्याचं पाणी आहे, पोटं जळतील. थावरानं दोर हातात घेतला. "मी उतरतो. एक दगडच काहाडाचा हाय ना? मले भेव नाही." आणि काय सांगू, माझे मालकही उठून त्याच्याशेजारी उभे राहिले. दोघंही उतरायला तयार. सगळे मिस्त्रींकडे पाहायला लागले. मिस्त्रींनी होकार दिला असता तर मी काय करणार होते? माझं ऐकायला मी कोण? घमेलं वाहणारी पोर.

मिस्त्री चाचपत भिंतीपाशी आले. त्या पट्ट्यावर अंगठा ठेवला. एका सांध्यावर दाबला, दुसऱ्यावर दाबला, असं करत पुरी गोल फेरी मारली. मग त्यांनी मला विचारलं, "पोरी, तुहा हिशोब काय म्हनते?"

"आठ."

"पक्के?"

"आठच, मिस्त्री."

त्यांनी थावराच्या हातून दोर घेतला, नीट गुंडाळला, जमिनीवर ठेवला आणि त्यावर मांडी घालून बसले. "चार दिवस हा दोर मी कोनाले देत नाही. ज्याले पाह्यजे त्यानं मले उचलून न्यावं."

झिरा दुसऱ्या दिवशी आटला. थावरानं तांड्यावरून एक गाडीभर पाणी आणलं. पण तांड्याची विहीरही तळाला गेलेली, दुसऱ्यांदा मागायला त्याचं तोंड झालं नाही. मग बायका घागरी घेऊन गावच्या विहिरीकडे निघाल्या. त्यांच्याबरोबर मीही निघाले. कुणी मला बोलावलं नाही, कुणी नको म्हटलं नाही.

तिथं उन्हात उभं राहिलो. वरच्या एका बाईनं पोहरा ओढता ओढता विचारलं, "काहून वो? तुमची नवी इहीर बांधाच्या आधीच आटली का?" वर सगळ्या हसल्या. मी म्हटलं, "चुना वला हाय अजून." मग ती ओतायला लागली. वरून ओतलेलं पाणी अर्धं घागरीत पडतं, अर्धं अंगावर. खाली वाकून, मान घालून, घागर दोन्ही हातांनी पुढं धरावी लागते. मी लहानपणी आईबरोबर हे केलं होतं. पुन्हा करावं लागेल असं दीक्षेच्या दिवशी वाटलं नव्हतं.

आणि एवढ्यानं भागत नव्हतं. भिंतीलाही पाणी हवं होतं. नाही तर थांबून उपयोग काय? पहिल्या दिवशी माझ्या वाट्याची घागर मी भिंतीवर ओतली. दुसऱ्या दिवशी पहाटे गेले तर भिंतीजवळ एक भरलेली घागर ठेवलेली. कुणी ठेवली ते कळलं नाही, मी विचारलंही नाही. तिसऱ्या दिवशी दोन होत्या.

तानीआजी गावच्या विहिरीवर गेली नाही. ती झिऱ्याच्या तळाची ओली वाळू पदरात पिळून जे निघेल ते प्यायची. दुसऱ्या दिवसापासून तिचं पोट बिघडलं. मी पेज घेऊन गेले तर तिनं भिंतीकडं तोंड केलं. "तुहे दिवस मोज," एवढंच म्हणाली. या वयात ती उठते की नाही, याची धास्ती मला भिंतीच्या धास्तीपेक्षा मोठी झाली. सून म्हणाली, वाटीभर पेज घेतली सासूनं, तेव्हा माझा जीव जरा भांड्यात पडला.

चौथा दिवस भरला. पाचव्या सकाळी मिस्त्रींनी पुन्हा अंगठ्यानं फेरी मारली आणि दोर दिला. थावरा आणि माझे मालक उतरले. दगड निघाला. धप्प असा आवाज आला, पायाखालची भुई हलली, विटांचा चुरा उडाला. मी डोळे मिटून घेतले होते. उघडले तर ओळंबा भिंतीला लागून लटकत होता, आणि खालून थावरा ओरडत होता, "सरळ! सरळ बसली बाई!"

भिंतीला तडा गेला नाही. आठव्या दिवशी तोच दगड काढला असता तर गेला असता का? मला ठाऊक नाही. वस्तीतल्या माणसांनी पुढं कितीदा विचारलं, मी दर वेळी हेच सांगितलं. आमच्या धंद्यात मेलेल्या माणसाचा पंचनामा होतो, वाचलेल्याचा होत नाही. मी चार दिवस मागून घेतले, त्यांनी ते दिले, आणि कशाच्या बदल्यात दिले ते कुणालाच दाखवता आलं नाही. एवढं मात्र खरं की त्यानंतर मी कुठल्याही कामावर गेले, तर बायकांना एक गोष्ट दोनदा सांगायची आणि त्यांच्याकडून एकदा वदवून घ्यायची. लोक म्हणायचे, गिरजाबाई फार बोलते. बोलते. एका शब्दाची कसर मला माहीत आहे.

पुढचं काम भराभर झालं. वाळू लागली, वाळूखाली झरा लागला. गढूळ पाणी उपसून टाकलं, आणि तिसऱ्या दिवशी पाणी असं निवळलं की त्यात वरच्या माणसांची तोंडं दिसायला लागली. वस्ती सगळी जमली. तानीआजी सुनेच्या खांद्यावर हात टाकून आली. पहिली बादली तिनं सोडली, तिनंच ओढली, कुणाला हात लावू दिला नाही. मग एकेक बाई पुढं आली, आपली बादली आपण काढली, घागर भरली, बाजूला झाली.

सगळ्यांच्या शेवटी मी. आजी तिथंच कठड्याशी उभी होती, तिच्या हातात भरलेली बादली. मी पुढं झाले आणि खाली वाकले, मान घातली, घागर दोन्ही हातांनी पुढं धरली. गावच्या विहिरीखाली इतके दिवस धरली होती तशी. माझं मलाच समजलं नाही मी काय करतेय ते. अंगावर पाणी पडायची वाट पाहत होते.

पाणी पडलं नाही. आजीनं बादली कठड्यावर ठेवली.

"गिरजे, उठ."

मी वर पाहिलं.

"इथं खालतं वाकून कोनी पानी घेत नाही." तिनं दोर माझ्या हातात दिला. "काहाड तुह्या हातानं."

मी बादली सोडली. ओढताना बादली भिंतीला आपटत आली, अर्धी वर येईस्तोवर सांडली. कुणी हसलं नाही. मी पुन्हा सोडली.